रिलिव्हर येईपर्यंत

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलंत, "आजी, तिथे इस्त्रीचं चित्र का लावलंय?" मी म्हटलं, लिहून पाठवते. धाकटीने त्याच दमात दुसरा प्रश्न टाकला. तिकीट काढलं होतं, व्हिसा आला होता, तरी तू आमच्याकडे कायमची राहायला का आली नाहीस? तेही लिहून पाठवते म्हटलं. आज वहीऐवजी चांगला कागद घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्याच्याकडून वाचून घेतलंत तरी चालेल, फक्त त्याला घाई करू देऊ नका.

ते चित्र म्हणजे लोकसभेच्या एका उमेदवाराचं पत्रक आहे. खालच्या अर्ध्या भागात निशाणी, म्हणजे इस्त्री. वरच्या अर्ध्या भागात उमेदवाराचा फोटो, तो कपाटाआड जातो म्हणून तुम्हांला दिसला नाही. ते आपल्या शेजारचे आप्पा.

आप्पा मूळचे मांडवगण फराट्याचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आप्पा दहावी झाले आणि कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. मग शिरूरला आमच्या कुंपणाला लागून घर बांधलं आणि बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन राहायला आले. उंच, वाळलेले, एका कानाने जरा कमी ऐकणारे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपल्या गालाला काही लागलंय की काय.

त्यांची पहिली तऱ्हा मला महिन्याभरात कळली. रिटायर झाले तरी त्यांनी शिफ्ट सोडली नव्हती. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट. नाईटच्या आठवड्यात रात्रभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि दिवसा झोपायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, आता कशाला?"

"शरीराला सवय हाय, बाई. एकदम बंद केलं तर मशीन जाम व्हतं."

"मशीन कसलं," वहिनी भांडी घासता घासता म्हणाल्या, "नुस्ता भोंगा हाय. ह्यांची नाईट असली की मी दुपारी भांडी वाजवायची न्हाई. मला पगार मिळतो का त्याचा?"

दुसरी तऱ्हा मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंपनीत एक रीत असते. आपली पाळी संपली म्हणून ऑपरेटरने उठून चालू पडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस, त्याला रिलिव्हर म्हणतात, समोर येऊन उभा राहिला पाहिजे. त्याला तीन गोष्टी तोंडाने सांगायच्या: चालू काय आहे, बंद काय आहे, गळती कुठे आहे. याला चार्ज देणं म्हणतात. समोरच्याने "घेतला" असं म्हटलं की मगच जागा सोडायची. रिलिव्हर आलाच नाही तर तिथेच थांबून पुढची पाळीही करायची. ती डबल.

सगळे कामगार ही रीत कंपनीच्या गेटावर ठेवून घरी जातात. आप्पा ती घरी घेऊन आले.

"आमचे तात्या मेंढरं वळायचे तवापासून बघतोय मी ह्ये," ते एकदा मला म्हणाले. "कळप दुसऱ्याच्या हवाली करताना सांगायचे, कुठली लंगडती, कुठली गाभण हाय, कुठली उगं बाजूला पळती. कंपनीत गेलो तर तिथं त्येच. फकस्त मेंढरं लोखंडाची."

गावाला दोन दिवस जायचं असलं की आप्पा पिशवी खांद्याला लावून आमच्या दारात उभे राहायचे. पहिल्या वेळी माझे हात कणकेत होते.

"बाई, चार्ज घ्या. चालू, कोपऱ्यावरचा दिवा आन् आमचा कुत्रा. बंद, नळ, परवापासून. गळती म्हंजी गटाराचं झाकण हाललंय. शाळंची पोरं जात्यात, नजर ठेवा."

"बरं बरं," मी म्हटलं.

ते हलेनात. "बरं न्हाई. घेतला म्हणा."

"घेतला," मी म्हटलं, आणि ते वळून सरळ एसटी स्टँडकडे गेले. तुमचे आजोबा आतून हसत होते. "आयुष्यभर वर्गावर हुकूम चालवलास. आता तुलाही कोणीतरी भेटलं."

गल्लीत आप्पांच्या नकला व्हायच्या. दूध डेअरीच्या रांगेतून बाजूला होताना ते मागच्याला चार्ज देत. केस कापून खुर्चीतून उठताना पुढच्या गिऱ्हाइकाला सांगत, की वस्तरा चालू, पंखा बंद. एका लग्नात पंगतीतून उठताना मागे उभ्या असलेल्या पाहुण्याला म्हणाले, "भात चालू हाय, जिलबी बंद झाली, आन् आमटीला पत्रावळ गळती." पाहुणा नगरकडचा होता. तो बराच वेळ यांच्या पाठीकडे बघत राहिला.

मी शिस्तीची बाई आहे हे तुम्हांला तुमच्या आईने सांगितलंच असेल. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, लग्न होऊन शिरूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. माझ्या डब्यांवर नावं असतात. इतक्या शिस्तीच्या बाईलाही आप्पांचं हे वेड जरा जास्तच वाटायचं. आजोबांच्या आजारपणापर्यंत वाटायचं.

पुण्याच्या हॉस्पिटलात आजोबा होते तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळून उठत नव्हते. तुमचा बाबा तिकडून अजून निघायचा होता. मला वाटायचं, मी उठले आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर मला कधीच कळणार नाही काय झालं. आप्पा शिरूरहून एसटीने आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "बाई, मी रिलिव्हर. चार्ज द्या आन् खाली जाऊन जेवून या."

मी पहिल्यांदा मनापासून चार्ज दिला. सलाईन चालू. बोलणं जवळजवळ बंद. डोळ्यांतून पाणी गळतं, ते पुसत राहायचं. "घेतला," आप्पा म्हणाले. रोज यायचे. त्यांच्या भरवशावर मी जेवले, झोपले, एकदा केसही धुतले.

आजोबा गेले ते आप्पांच्या पाळीत. मी जिन्यातून वर आले तेव्हा आप्पा दारात उभे होते. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. समोर उभे राहिले आणि चार्ज दिला. "पाणी मागितलं. दोन चमचे दिलं. खिडकी उघडा म्हणाले, उघडली. तुमचं नाव घेतलं, मी म्हणलं जेवाय गेल्यात, येत्यात. व्हय म्हणाले. मग हात असा उशाखाली घेतला, झोपताना घेत्यात तसा. तरास न्हाई झाला. मी हात सोडला न्हाई."

एवढं सांगून ते थांबले. ते कशाची वाट बघतायत ते मला कळलं. "घेतला," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

मुलांनो, माझं जे वाटणं होतं, की मी नसताना झालं तर मला कधी कळणार नाही, ते त्या माणसाने माझ्यापुरतं कायमचं मिटवलं. मी खोलीत नव्हते, तरी ती शेवटची काही मिनिटं माझ्याजवळ पूर्ण आहेत.

त्यानंतर मी तुमच्याकडे यायचं ठरवलं. घर एका डॉक्टर जोडप्याला द्यायचं बोलणं झालं. भांडी खोक्यांत गेली, खोक्यांवर चिठ्ठ्या लागल्या. अशात लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि एका सकाळी आप्पा नवा सदरा घालून आले. त्यांची फर्स्ट चालू होती.

"बाई, मी उभा राहतोय."

"कशाला?"

"लोकसभंला."

कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला. "ऐका. गावच्या सोसायटीला ह्यांना कुणी उभं केलं न्हाई. आता डायरेक दिल्ली."

आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मला समजावू लागले. "बघा, निवडून येतो त्यो म्हणतो, मी चार्ज घेतला. पेपरात फोटू येतो. पण त्येला चार्ज दिला कुणी? लोकांनी मत दिलं. मत म्हंजी चार्ज न्हाई. काय चालू, काय बंद, कुठं गळतंय, ह्ये समोर उभं राहून कुणी सांगितलं? कुणीच न्हाई. मंग त्यो बिचारा तरी काय चालवणार?"

"आणि तुम्ही निवडून आलात तर?"

"आलो तर जाईन की दिल्लीला. न्हाई आलो तर जो येईल त्येला गावागावाचा चार्ज देईन. आपलं काम दोन्हीकडनं व्हतंय."

त्यांना अर्जावर सह्या करणारे सूचक हवे होते. मी म्हटलं, "आप्पा, माझी सही घ्या, पण मी फार दिवस नाही इथे. निकाल लागला की पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे."

"आन् चार्ज?"

"चार्ज कसला? किल्ल्या डॉक्टरांना देईन."

"घराचा न्हाई म्हणत मी. एवढी वर्षं तुम्ही शिरूरात पोरं शिकवली. ह्ये सगळं कुणाच्या हवाली करून निघालाय?"

ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच माहिती हवी होती. मी सही केली आणि का कोण जाणे, म्हटलं, "निकालापर्यंत तुमच्या प्रचाराच्या गाडीत येईन."

निशाणी म्हणून आप्पांनी शिट्टी मागितली होती, मिळाली इस्त्री. वहिनींनी गल्लीभर सांगितलं, "जल्मात कवा इस्त्रीचा सदरा अंगाला लागला न्हाई, आन् निशाणी बघा." मग मीच त्यांचे तीन सदरे आणून कडक इस्त्री करून दिले. ते घालून आप्पांना मान वळवता येईना.

प्रचाराची गाडी म्हणजे आप्पांच्या वरवंडच्या जावयांचा शेवंतीचा छोटा टेम्पो. पहाटे फुलं मार्केटला पोचवून जावई यायचे आणि आम्हांला घेऊन निघायचे. उन्हाळा कडक. पुढे जावई, मध्ये मी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन, खिडकीशी आप्पा. मागे पत्रकं आणि फुलांचा वास. भोंगा आप्पांनी लावू दिला नाही. "भोंग्यानं सांगता येतं. ऐकता येत न्हाई."

गावात शिरलो की ते पारावर जाऊन बसत आणि तीन प्रश्न विचारत. मत मागायचं विसरून जात. मी कोपराने डिवचलं की म्हणत, "हां, आन् निशाणी इस्त्री."

मांडवगणला, त्यांच्याच गावात, एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं, "आप्पा, मतं मागायला आलास का पावणा म्हणून आलास?"

"मामा, चालू काय हाय ते सांगा."

"माझी बायको. सकाळपासनं चालू हाय."

"बंद?"

"माझं तोंड."

सगळा पार हसला, आप्पा मात्र गंभीरपणे मान हलवत होते, जणू हेही दिल्लीला कळवायचं आहे. पण हसून झालं की लोक खरं बोलू लागत. हे मी प्रत्येक गावात पाहिलं. मत मागायला आलेल्या माणसापुढे लोक हात जोडतात आणि मनात काही ठेवून बसतात. या माणसापुढे एकेक जण पुढे सरकायचा. वीज कधी असते, कोणती विहीर आटली, कोणाचा मुलगा पुण्याला जाऊन फोन करत नाही. आप्पा तोंडाकडे एकटक बघत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "घेतला." लिहून काहीच घेत नसत. मी वही काढली तर म्हणाले, "ठेवा ती. खाली बघून लिवाय लागलात की माणूस गप व्हतो."

नदीकाठच्या एका वाडीवर मात्र मीही वही मिटून बसले ती बसलेच. बायका कांदे काटत होत्या, म्हणजे उपटलेल्या कांद्यांची पात कापत होत्या. आप्पांनी तीन प्रश्न विचारले. चालू, बंद सांगून झालं. गळती विचारली. मग एका बाईने विळा बाजूला ठेवला.

"गळती म्हंजी आमच्या पोरी," ती म्हणाली. "धाव्वी झाली की घरी. पुढचं कॉलेज शिरूरला. यायला एष्टी हाय, सांजच्याला परत न्हाई. कुणाच्या गाडीवर बसवायचं पोरीला? बाप म्हणतो, बास झालं. दोन वर्सात लगीन." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मास्तरीण ना बाई? माझी पोरगी विंग्रजीत पयली आली व्हती. आता ती बघा, तिकडं पाला काढतीय."

मी तिकडे बघितलं. मुलगी बघत नव्हती आमच्याकडे. तिला ऐकू येत होतं.

आप्पा "घेतला" म्हणाले.

आणि आमची सगळ्यात मोठी सभा कुठे झाली सांगू? कुरकुंभला, कंपन्यांच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. पाळी सुटायची वेळ. आप्पा उतरले आणि माणसांचा गराडा पडला. जुने सोबती, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं, बिहारकडचे कामगार. मी जावयांना म्हटलं, "अहो, हा दौंड तालुका. नदी ओलांडली की मतदारसंघ वेगळा. इथल्या एकाचंही मत आपल्याला नाही."

"त्यास्नी ठाव हाय की," जावई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले. "कालच सांगितलं मी. तर म्हणले, तिथली माणसं चार्ज चांगला देत्यात."

एक हसऱ्या चेहऱ्याचा कामगार म्हणाला, "काका, हमारा वोट तो उधर गाँव में है."

"वोट रहने दो," आप्पा म्हणाले. "बंद क्या है, बोलो."

"रूम का पंखा, काका."

हशा झाला. चहा आला. तासभर माणसं हलली नाहीत. आप्पांच्या नावाच्या घोषणाही झाल्या. मत एकही नाही.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी शिरूरला मत दिलं. आप्पांचं नाव मांडवगणच्या यादीत, म्हणून ते आणि वहिनी तिकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा वहिनींचा चेहरा बघण्यासारखा होता.

"इचारा ह्यांना, मत दिलं का," त्या म्हणाल्या.

आप्पा पायातल्या चपलांकडे बघत होते.

झालं होतं असं. शाळेपासून लांब लिंबाखाली आप्पा बसले होते. रांगेत उभ्या राहणाऱ्या बाया आपली तान्ही त्यांच्याकडे ठेवून जात होत्या, मत देऊन आल्या की घेऊन जात होत्या. आप्पा प्रत्येक आईला चार्ज देत होते. झोप चालू, रडं बंद, आणि तिसरंही सांगत होते, तान्ह्या बाळाचं असतं ते. दिवस कलला तेव्हा एकच बाळ उरलं. त्याच्या आईचं नाव दुसऱ्या खोलीच्या यादीत निघालं, ती तिकडच्या लांब रांगेत गेली. वेळ संपत आली. वहिनी म्हणाल्या, अहो, त्याला घेऊन रांगेत उभे राहा.

"आन् तिकडनं आई आली, झाडाखाली पोरगं दिसलं न्हाई, तर तिचं काय व्हईल?" आप्पांनी मला समजावलं. "जागा सोडायची न्हाई म्हंजी न्हाई."

"मग वहिनींकडे द्यायचं."

"दिलं असतं की," वहिनी म्हणाल्या, "पण मी घेतला म्हणत न्हाई, धरलं म्हणते. ह्यांना चालत न्हाई."

आई आली तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं. देशाच्या संसदेला उभ्या राहिलेल्या माणसाने स्वतःला मत दिलं नाही.

निकाल तुम्ही ओळखलाच असेल. उमेदवारांपैकी कोणीच नको, असं एक बटण असतं. ते दाबणारे लोक आप्पांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. गल्लीतल्या लोकांनी येऊन खांदे दाबले, काहींनी टर उडवली. आप्पांना त्याचं काही नव्हतं. ते जावयांना म्हणाले, "गाडी काढा. चार्ज द्यायचाय."

निवडून आलेल्यांच्या मिरवणुकीपर्यंत आम्ही पोचलो. ढोल, फटाके, गुलाल. आप्पा माझ्याच इस्त्रीच्या सदऱ्यात गर्दीत घुसले. स्टेजच्या पायऱ्यांशी हार सांभाळत उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याने त्यांना अडवलं. भला माणूस होता. त्याला वाटलं, हार घालायला आलेत.

"आप्पा, हार कुठंय?"

"हार न्हाई. चार्ज हाय. सायबांना म्हणावं, समोर उभं राहा, ऐका, आन् घेतला म्हणा."

"आज?" त्याने वरच्या गर्दीकडे हात केला. "आज साहेबांना स्वतःचं नाव ऐकू येत न्हाई, आप्पा. गुलालाचा दिवस हाय. पाच-सहा महिन्यांनी सावकाश या, मी स्वतः भेटवतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. वर उभ्या असलेल्यांचंही नाही. त्या आवाजात कोण कोणाचं ऐकणार? पण आप्पा टेम्पोत येऊन बसले तेव्हा प्रथमच ते मला म्हातारे दिसले. दुसऱ्याच्या विजयाचा गुलाल त्यांच्या भुवयांत बसला होता.

"रिलिव्हर न्हाई आला," ते म्हणाले. "डबल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची खोकी बांधत होते. खिडकीतून आप्पा दिसत होते. त्यांचा नाईटचा आठवडा लागला होता, झोपायची वेळ झाली होती, तरी अंगणातल्या खुर्चीत ताठ बसलेले. वहिनींनी आणलेली भाकरी तशीच ताटात. वहिनी मला कुंपणावरून हळू म्हणाल्या, "कालपासनं आडवे झाले न्हाईत. म्हणत्यात, एवढ्या लोकांचं घेतलंय, कुणाला दिलं न्हाई, झोपू कसा. बाई, तुमचं ऐकत्यात. काय तरी सांगा."

मी हातातली दोरी खाली ठेवली, चप्पल घातली आणि फाटकातून त्यांच्या अंगणात गेले.

"आप्पा, उठा. रिलिव्हर आलाय."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. "कुठंय?"

"ही काय, तुमच्यासमोर."

ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. मग उठले. सदरा खाली ओढला. कंपनीत उभे राहत असतील तसे उभे राहिले. "सगळा न्हाई पेलायचा तुम्हाला, बाई."

"सगळा नका देऊ. एक द्या."

कोणता, ते दोघांनाही माहीत होतं.

"चालू," ते म्हणाले, "त्या वाडीची सकाळची एष्टी. बंद, सांजची. गळती..." ते थांबले. "गळती तुम्ही बघितली."

एका आठवड्यावर विमान होतं. तुमच्यासाठी घेतलेले खाऊचे डबे सगळ्यात वरच्या खोक्यात होते. हे मी विसरले नव्हते, हे तुम्ही कधी विसरू नका.

"घेतला," मी म्हटलं.

आप्पा आत गेले आणि झोपले, ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. वहिनी म्हणाल्या, "ही कंची शिफ्ट म्हणायची?"

मी तुमच्या बाबाला फोन केला. डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. मग जावयांच्या टेम्पोतून वाडीवर गेले आणि कांदे काटणाऱ्या त्या बाईला म्हटलं, संध्याकाळची एसटी नाही ना, मग संध्याकाळी परत यायचंच कशाला? माझ्याकडे राहू दे. शनिवारी घरी. बाप तयार होईना. शेवटी आप्पांनीच त्याला गाठलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण सोमवारी सकाळच्या गाडीने मुलगी आली, पिशवी छातीशी धरून. पावसाळ्यानंतर आणखी दोघी आल्या. व्हिडिओवर माझ्या मागून ज्या येरझाऱ्या घालतात आणि तुमचे उच्चार ऐकून हसतात, त्या याच. तुमच्या बाबाची खोली आता त्यांची आहे. इंग्रजीत पहिली आलेली यंदा बारावीला आहे आणि माझ्या चुका काढते.

बाकीचा चार्ज आप्पांनी सोडला नाही. पाच-सहा महिन्यांनी खरंच जाऊन बसले. तो कार्यकर्ता शब्दाला जागला, भेट झाली. काही कामं झाली, काही राहिली. प्रत्येक वेळी जाताना त्यांचा सदरा मी इस्त्री करून दिला.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. नाईटचा आठवडा होता. दुपारी झोपले, ते उठले नाहीत. वहिनींनी भांडी वाजवली नाहीत, कोणी हाक मारली नाही, संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंच नाही. वहिनी मला म्हणाल्या, "जल्मभर लोकांना चार्ज दिला. मला तेवढा न देता गेले." मी त्यांच्याजवळ बसले. त्या दिवशी सकाळी त्या मागचं अंगण झाडत होत्या तेव्हा आप्पा कुत्र्याला भाकरी घालून मला कुंपणावरून काय म्हणाले होते, ते शब्दन् शब्द सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "धरलं." मी ते चालवून घेतलं.

या मे महिन्यात मी तुमच्याकडे महिनाभर येणार आहे. तिन्ही मुलींकडे वहिनी बघतील. चार्ज द्यायला गेले तर म्हणाल्या, "जा की आता, पोरं वाट बघत्यात," म्हणून मी तिकीट काढलं. येताना इस्त्रीचं एक पत्रक तुमच्यासाठी घेऊन येईन. फोटोसकट.

तोवर एक करा. रविवारी फोन ठेवताना नुसतं बाय म्हणू नका. माझ्याकडे बघून सांगा, तुमचं काय चालू आहे, काय बंद पडलंय, आणि कुठे काही गळत असेल तर तेही. मी घेतला म्हणेन. तोपर्यंत फोन ठेवायचा नाही.